‘आमोस’चा घोळ

पंकजाला स्पॅनिश येतं याची पंकजापेक्षा कल्याणशेठना जास्त खात्री होती. राहात्याच्या अलीकडे रस्त्यालगत त्यांचं डाळिंबाचं पॅकहाउस होतं. कुठलं फळ परदेशी जाईल आणि कुठलं इथल्याच बाजारात, हे तिथे पंकजाच्या शब्दावर ठरायचं. गेलं वर्षभर ती संध्याकाळी मोबाईलवर स्पॅनिशच्या क्लासला बसत होती. ही भाषा येणाऱ्या मुलींना पुण्यातल्या एक्सपोर्टच्या ऑफिसांत मागणी आहे, असं कॉलेजातली एक मैत्रीण म्हणाली होती. शेठना तिने हे एकदाच सांगितलं होतं, तेही लवकर घरी जायची परवानगी मागताना. झालं. पुढे शेठनी स्पेनहून फळं वजनावर निवडणारं मशीन मागवलं. ते बसवायला येणाऱ्या माणसाला इंग्रजी येत नाही, तेव्हा दुभाषा बघून ठेवा, असं कंपनीने कळवलं. शेठ फोनवर मोठ्याने हसले.

“दुभाषा कशाला? आमच्याकडं घरचीच पोरगी हाय.”

“शेठ, मला अजून सगळं येत नाही हो,” पंकजा घाबरून म्हणाली. “माझा नुसता वर्तमानकाळ झालाय.”

“मग बरंय की. आपल्याला जे काय बोलायचं ते आत्ताचंच बोलायचंय.”

माणूस आला तो पेरू देशाचा. मशीन स्पेनचं असलं तरी फिरतीवर जाऊन ते बसवून देणारे लोक कंपनीने कुठकुठले ठेवलेले. पेरूच्या बागांसाठी नावाजलेल्या राहात्यात पेरूचा माणूस आला, एवढ्यावरच माल निवडणाऱ्या बायकांची दुपार हसण्यात गेली. त्याचं नाव इग्नासिओ होतं, पण तो म्हणाला, मला नाचो म्हणा. मग तर विचारूच नका. बायडाबाई सगळ्यांत वयस्कर, पण पदर तोंडात कोंबून हसणाऱ्यांत तीच पुढे.

पहिला दिवस बरा गेला. तुम्ही कुठे राहता, चहा घेता का, हा मुख्य स्विच, ही मोटर. सगळं आत्ताचं. नाचो एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगत होता आणि पंकजा मराठीत सांगत होती. शेठनी तिचा व्हिडिओ काढून चार ग्रुपांवर टाकला.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या पेट्या फुटल्या आणि पंकजाच्या ध्यानात आलं, की कामावरचा माणूस वर्तमानकाळात फारसं बोलतच नाही. काय केलं, काय राहिलं, आधी काय होतं, नंतर काय करणार, सगळं मागचं नाहीतर पुढचं. तिला शब्द ओळखू यायचे, मूळ क्रियापद कळायचं, पण शेपटाकडे येईतो वाक्य हातातून निसटायचं. तिने मोबाईलवरचं भाषांतर लावून बघितलं. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येत नव्हती आणि बाहेर जनरेटरच्या आवाजात मोबाईलला माणसाचं बोलणं ऐकूच जायचं नाही. वर ज्या रूपावर तिने सगळ्यांत जास्त घाम गाळला होता, ते ‘तुम्ही लोक बोलता’चं ‘आब्लाइस’, ते नाचोने ऐकून मान हलवली. आमच्याकडे हे कोणी म्हणत नाही, असं त्याने हातानेच सांगितलं. आठ दिवस खपून पाठ केलेलं होतं तिने ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाचो मशीनच्या वाट्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “लिंपियामोस.” या वाट्या काळ्या, रबरी, एकेक डाळिंब बसेल एवढ्या होत्या, आणि प्रत्येक वाटीखाली बारकासा वजनकाटा होता. हा शब्द पंकजाला पक्का ठाऊक होता. लिंपियार म्हणजे साफ करणं. आपल्याकडे लिंपणं म्हणजे सारवणं, म्हणून तिच्या तो चटकन लक्षात राहिला होता. लिंपियामोस, आपण साफ करतो. तिने बायकांना वळून सांगितलं, “वाट्या साफ करायच्यात.”

नाचो शिर्डीच्या इलेक्ट्रिशियनबरोबर मागच्या बाजूला गेला होता. बायका मन लावून कामाला लागल्या. बादल्या आल्या, फडकी आली. बायडाबाईने तर वाट्यांवर तांब्याने पाणी ओतून घासायला सुरुवात केली. नाचो परत आला आणि दारातच डोकं धरून उभा राहिला. वाट्या त्याने आदल्या संध्याकाळीच वेगळ्या औषधाने पुसून ठेवल्या होत्या. काट्यांच्या आत पाणी गेलं होतं. पंखे लावून ते सुकवण्यात दुपार गेली, आणि शेठ एरवी ज्या खुर्चीवर बसायचे ती सोडून दिवसभर येरझारा घालत राहिले.

“तूच म्हनलीस ना साफ करा म्हनून?” बायडाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण सगळ्यांसमोर म्हणाली.

संध्याकाळी पंकजाने पुण्याला स्पॅनिशच्या क्लासच्या मोनिका मॅडमना फोन लावला. “मॅडम, लिंपियामोस म्हणजे आपण साफ करतो ना?”

“हो. आणि आपण साफ केलं, हेही.”

“दोन्ही?”

“अगं, ‘आर’ने संपणारी जी सरळ चालणारी क्रियापदं आहेत ना, त्यांचं ‘आम्ही’चं रूप दोन्ही काळांत एकच. ‘इर’वाल्यांचंही तसंच. ‘एर’वाल्यांचं मात्र बदलतं. आम्ही खातो कोमेमोस, आम्ही खाल्लं कोमिमोस. ते पुढच्या महिन्यात घेणारच होते मी.”

“मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं?”

“कॉन्टेक्स्टवरून.”

पंकजाने फोन ठेवला आणि कॉन्टेक्स्टला मनातल्या मनात एक कचकचीत शिवी दिली. कॉन्टेक्स्ट म्हणजे पत्र्याची शेड, जनरेटर, आणि पाठ करून उभा असलेला एक माणूस.

त्या रात्री जेवायच्या आधी तिने भूतकाळ घ्यायला घेतला. आई, सत्यशीला, चुलीपुढे भाकरी थापत होती. पंकजा भिंतीला टेकून पाढे म्हणावेत तशी म्हणत होती. आब्ले, मी बोलले. आब्लास्ते, तू बोललास. आब्लो, तो बोलला.

“आब्लो म्हंजी मी बोलते, असं मागं म्हनत हुतीस तू,” आई म्हणाली.

“ते वेगळं. त्यात जोर पहिल्या अक्षरावर. यात शेवटच्या. आब्लोऽ.”

“मला तर एकच ऐकू आलं.”

“मलाही एकच ऐकू येतं, आई!” पंकजा ओरडली. तव्यावरची भाकरी उलटून आईने पुढची थापायला घेतली.

दोन दिवस ती हेच घोकत होती. स्कुटीवर, नळाला पाणी भरताना, डाळिंबाचे क्रेट मोजतानासुद्धा. आणि फरक पडला. नाचो ‘कंपनीने पाठवलं’ म्हणाला ते तिला कळलं. ‘बेल्ट उशिरा पोचला’ तेही कळलं. भूतकाळ कानाला लागला तसा तिला तो सगळीकडेच ऐकू यायला लागला. इथेच माशी शिंकली.

मशीनवर माल काढायच्या दोन ओळी होत्या. एक नंबरची सुरू झाली होती. दोन नंबरचे काटे अजून नीट लागत नव्हते. शुक्रवारी दुपारी नाचोचं पोट बिघडलं. आदल्या दिवशी शेठनी त्याला आग्रहाने मिसळ खाऊ घातली होती. बिचारा पोटावर हात ठेवून गाडीकडे निघाला. जाता जाता पंकजाला म्हणाला, “आहुस्तामोस ला दोस, ई लिस्तो.” आहुस्तार म्हणजे जुळवणं. लिस्तो म्हणजे तयार, संपलं. दोन नंबर जुळवली, झालं काम. तरी पंकजाने गाडीपर्यंत जाऊन पुन्हा विचारलं, “या?” म्हणजे, झालं ना? काच वर जात होती. आतून नाचोने हात हलवला.

“काय म्हणाला?” शेठनी विचारलं.

“दोन नंबर जुळवली म्हणतो.”

“मग सोडा माल! कंटेनर उद्या सकाळी न्यायचाय.”

माल सोडला. मशीन झकास चाललं. फळं टपाटप वाट्यांतून आपापल्या कप्प्यात पडत होती, बायका खोक्यांत भरत होत्या, आणि शेठ पुन्हा खुर्चीवर बसून मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. पंकजाला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला जमतंय. नाचो संध्याकाळी परतला, भरलेल्या खोक्यांच्या थप्पीशी थांबला, एक खोकं उघडून त्यातलं डाळिंब त्याने तळहातावर झेललं. मग दुसरं. मग हातातलं फळ ठेवून तो ओरडायला लागला.

त्याचं म्हणणं होतं, दोन नंबर जुळवू आणि मग झालंच. आहुस्तामोस. मी आल्यावर आपण जुळवू. मोठ्या फळांच्या खोक्यांत बारकी फळं गेली होती, बारक्यांत मोठी. दोन नंबरवरून निघालेलं एकेक खोकं उघडून हातकाट्यावर वजन करावं लागणार होतं.

शेठ कंटेनरवाल्याला फोन करून उद्या दुपारपर्यंतची मुदत मागत होते, आणि फोनमध्ये म्हणाले, “आमच्या पोरीचा जरा घोळ झाला.” नाचो अजून हातवारे करत बोलत होता. पंकजा त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“यो प्रेगुन्ते,” ती म्हणाली. मी विचारलं. “गाडीशी येऊन विचारलं! उस्तेद नो कोन्तेस्तो.” तुम्ही उत्तर दिलं नाही.

“कोन्तेस्तोऽ,” नाचो म्हणाला. सवयीने असेल, जोर शेवटी हवा म्हणून दुरुस्त केलं.

पंकजाने हातमोजा काढून खाली फेकला. “जोर? मला जोर कुठं द्यायचा ते आत्ता शिकवता? तुमच्या भाषेत केलं आणि करतो यांना शब्द एकच, आणि मी जोर शोधू?” हे सगळं मराठीत. मग पुन्हा स्पॅनिशमध्ये, एकेक शब्द दगड मारावा तसा. “उस्तेद तोमोऽ एल कार्रो.” तुम्ही गाडी धरलीत. “यो त्राबाहे. एय्यास त्राबाहारोन.” मी राबले. ह्या बाया राबल्या. तिने शेडमधल्या बायकांकडे हात केला. आता जोर बरोबर पडत होता, आणि त्याने तिला आणखीच चीड येत होती.

बायडाबाई हातातलं फळ तसंच धरून बघत होती. खाली पडलेला हातमोजा उचलून नाचोने तिच्या हातात दिला, एक क्रेट पालथा टाकला, आणि बायकांमध्ये बसून हातकाट्यावर फळं तोलायला घेतली. पंकजाही समोर बसली. दोघांपैकी कोणी माफी मागितली नाही.

नाचोचा हात सराईत होता. फळ उचलायचा, बोटांनीच अंदाज घ्यायचा आणि काटा बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने बोलायचा. बायडाबाईने कौतुकाने जीभ टाळूला लावून आवाज केला, तेव्हा तो हसला. “मी मामा त्राबाहाबा एन एस्तो,” तो म्हणाला.

मी मामा म्हणजे माझी आई, एवढं पंकजाला कळलं. शेवटचं रूप ओळखीचं नव्हतं. “त्राबाहोऽ?” तिने विचारलं. काम केलं?

“नो, नो. त्राबाहाबा.” त्याने हात हवेत गोल गोल फिरवला, जातं ओढावं तसा. “त्राबाहाबा, त्राबाहाबा. मांगोस. तोदोस लोस दीयास.” आंबे. रोज.

पंकजा त्या फिरणाऱ्या हाताकडे बघत राहिली. हा मॅडमचा दुसरा भूतकाळ. मागे एकदा मॅडम त्याच्याबद्दल ओझरतं बोलल्या होत्या, इंग्रजीतून, आणि पंकजाला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

“काय म्हनतोय?” बायडाबाईने विचारलं.

“त्याची आई हेच काम करायची म्हणतो. आंबे निवडायची.” बोलून गेल्यावर पंकजा थबकली. करायची. निवडायची. केलं नव्हे, करायची. बाईमाणूस विहिरीवर कसं धुवायला जायचं, आपल्या गावची बस कशी उशिरा यायची, हे आई रोज या रूपात सांगते. मराठीत जन्मापासून तोंडात असलेली गोष्ट, आणि आपण ती इंग्रजीच्या दारातून वळसा घालून समजून घ्यायला जात होतो. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण जास्त झाला तो संताप, की हे आपल्याला आधी कोणी का सांगितलं नाही.

“करायची म्हंजी?” बायडाबाई म्हणाली. “आता करत न्हाई व्हय?”

“आओरा?” पंकजाने नाचोला विचारलं. आता?

“आओरा देस्कान्सा.” एवढं बोलून तो पुढच्या खोक्याकडे वळला.

“आता विश्रांती घेते,” पंकजाने सांगितलं.

“म्हंजी घरी बसलीय, का गेली बिचारी?”

मराठीतसुद्धा विश्रांतीचे दोन अर्थ होतात, आणि विचारावं कसं? पंकजाजवळ मृत्यूचे शब्द नव्हते, नाजूकपणे विचारण्याचे तर नव्हतेच. बायडाबाईने आपल्या परीने ठरवून टाकलं की म्हातारी गेली. रात्री उशिरा काम उरकलं तेव्हा तिने नाचोच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “असू दे लेकरा. आईबाप कोनाला जल्माचं पुरत्यात.” नाचोला काय कळलं कोण जाणे. त्याने हात जोडले.

हे पंकजाच्या डोक्यातून रात्रभर जाईना. भांडलो त्या माणसाची आई मेलेली असावी आणि आपण ‘आता?’ असं विचारावं, याची लाज वाटत राहिली. वारली, गेली, सोडून गेली, सगळ्यांचे भूतकाळ तिने मोबाईलवर शोधले, आणि सगळे नेमके वाकडे चालणारे निघाले, एकही टेबलात बसेना. सकाळी कंटेनर भरला जाताना तिने शेवटी अगदी बालवाडीतलं वाक्य विचारलं.

“सु मामा बिबे?” तुमची आई राहते? त्याच शब्दाचा अर्थ जगते असाही होतो.

नाचोने तिच्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसला. “बिबे, बिबे!” त्याने मोबाईल काढून दाखवला. अंगणात खुर्चीवर बसलेली एक लठ्ठ, रागीट चेहऱ्याची बाई, मांडीवर मांजर. आजकाल काही करत नाही, फक्त सगळ्यांना ओरडते, असं तो म्हणाला, आणि पंकजाला ते एका दमात कळलं.

“हाय की जित्ती!” बायडाबाई फोटोवर वाकली आणि काल फिरवलेल्या हाताकडे बघून स्वतःच ओशाळली.

उरलेल्या दिवसांत पंकजाने एक नियम केला आणि तो शेठनाही पाळायला लावला. नाचोने वाक्यात आयेर, ओय किंवा मान्याना, म्हणजे काल, आज किंवा उद्या म्हटल्याशिवाय कोणी बटणाला हात लावायचा नाही. नाचो वैतागायचा. प्रत्येक वाक्याला ती हात वर करून थांबवायची आणि तो डोळे फिरवून दिवसाचं नाव जोडायचा. काम दुप्पट वेळ घेत होतं, पण दोन्ही ओळी बरोबर लागल्या. जाताना त्याने सगळ्यांशी हात मिळवले. पंकजाशी मिळवताना काहीतरी लांबलचक बोलला, आणि त्यातलं निम्मं तिला कळलं नाही. तिने तरी मान हलवली.

शेठनी पुढच्याच आठवड्यात नेवाशाच्या एका बागायतदाराला सांगितलं, “आमची पंकजा फाडफाड बोलते हो.” तिने ते ऐकलं आणि काट्याच्या खोलीत निघून गेली.

रविवारच्या क्लासला मोनिका मॅडमनी दुसरा भूतकाळ घेतला. पडद्यावर इंग्रजी वाक्यं, बाणांच्या खुणा. पंकजाने माईक उघडला.

“मॅडम, हे आपलं ‘करायची’ आहे. तो काम करायचा, ती काम करायची. एवढंच सांगितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.”

“छान आहे ते,” मॅडम म्हणाल्या. “पण क्लासमध्ये चेन्नईची मुलं आहेत, लखनौची आहेत. मराठीत कसं सांगू मी?”

हे खरंच होतं, आणि खरं असल्यामुळे भांडताही येईना.

“बरं, त्राबाहारची सहाही रूपं म्हण बघू.”

पंकजा म्हणायला लागली. त्राबाहाबा, मी करायचे. त्राबाहाबास, तू करायचास. त्राबाहाबा, तो करायचा. म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं, की इथे मी आणि तो यांचं रूप एकच आहे. तिने डोळे मिटले. “आम्ही”वर जोर चुकला. मॅडमनी थांबवलं. तिने पहिल्यापासून धरलं. पुन्हा चुकला. तिसऱ्या खेपेला ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की आई पिठाचे हात घेऊन दारात आली.

“कोनाशी भांडतीस गं?”

“कोणाशी नाही,” पंकजा म्हणाली, आणि पुन्हा ‘मी’पासून सुरू केलं.